जांभळावरचा आळ

घरात एखादे नवे यंत्र आले, की त्याच्या पाठोपाठ एक चिमुकली पुस्तिका येते. आणि ती वाचण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे येते. "तुम्ही एम. ए. आहात ना," असे आमची सौ. म्हणते. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाचा आणि मिक्सरच्या पुस्तिकेचा संबंध काय, हे विचारण्याचे धैर्य लग्नाला अठरा वर्षे होऊनही मला झालेले नाही. जुन्या पोथीतल्या ओवीचा अर्थ लावणे एक वेळ सोपे. या पुस्तिकांची भाषा, यंत्र जिथे बनते त्या देशाची नसते आणि जिथे विकले जाते त्या देशाचीही नसते. तरीसुद्धा वाचकहो, अशा एका पुस्तिकेने गेल्या वर्षी एका झाडाचे प्राण वाचवले. ती हकिगत आज सांगायची आहे.

माझी सासुरवाडी मोहर्लीची. चंद्रपूरहून निघाले, की दुर्गापूरच्या कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी मागे पडतात. पद्मापूर, आगरझरी करीत रस्ता सागाच्या आणि बांबूच्या सावलीत शिरतो, डाव्या हाताला इरईच्या धरणाचे पाणी चमकून जाते, आणि मोहर्ली येते. ताडोबाच्या जंगलाचे हे जुने आणि गजबजलेले दार. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले ते १९५५ साली. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि मोहर्लीच्या माणसांना गुरे आणि शेती यांच्या जोडीला पाहुणे हा नवा व्यवसाय मिळाला. पावसाळ्याचे तीन महिने जंगलाचा गाभा बंद असतो. १ ऑक्टोबरला दार उघडते, आणि दिवाळीच्या सुटीत गावात पाय ठेवायला जागा उरत नाही.

सासरे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. मी त्यांना मामाजी म्हणतो. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या मेव्हण्यांनी, घराच्या अंगणात चार खोल्या बांधून पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय केली आहे. गेल्या वर्षी दसरा आटोपून आम्ही दोन दिवसांसाठी गेलो, तर घरात सुतक असावे तशी शांतता. कारण काय, तर स्वयंपाकघराची मोरी तुंबलेली. भांडी घासायला बसले, की पाणी पुढे जाण्याऐवजी उलटे वर येई. दिवाळीसाठी चारही खोल्या भरलेल्या, आगाऊ पैसे घेतलेले. आणि पंधरा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या घरात मोरी चालेना!

मोरीचे पाणी एका भाजक्या मातीच्या जुन्या नळातून अंगणाखालून जाते आणि परसातल्या शोषखड्ड्यात पडते. वाटेत, नळाच्या अगदी डोक्यावर, एक जांभळाचे झाड उभे आहे. मिस्त्रींनी बांबूच्या कामट्या घालून पाहिल्या, तार घालून पाहिली, आणि शेवटी झाडाकडे बोट दाखवून निकाल दिला.

"जावईबापू, हिच्या मुळ्या भरल्या आत. झाड गेल्याबिगर पाणी जात नाही."

निकाल पटण्याजोगा होता. झाड नळावर उभे आहे, मुळे पाण्याकडे धावतात, पाणी तुंबले आहे. आता आणखी पुरावा तो काय हवा? मेव्हणे कुऱ्हाडवाल्याला निरोप देऊन मोकळे झाले होते. मामाजी काहीच बोलत नव्हते. ओसरीवर बसून अंगणाकडे पाहत होते. आमची सौ.ही काही बोलली नाही. आणि ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

ते जांभूळ माझ्या सासूबाईंनी लावलेले. आमचे लग्न झाले त्या पावसाळ्यात. "एक पोरगी गेली, एक आणली," असे त्या म्हणाल्याचे मामाजी सांगतात. सासूबाई जाऊन आता काही वर्षे झाली. झाड मात्र घराच्या कौलांच्या वर गेले आहे.

संध्याकाळी शेजारचा जिप्सीवाला तरुण चहाला आला. जिप्सी म्हणजे पाहुण्यांना जंगलात घेऊन जाणारी उघडी गाडी. तो म्हणाला, "सर, माझ्यापाशी नळीचा कॅमेरा हाय. इंजिनात पाहाले आणला होता. पण जुळतच नाही. इथं रेंजच नाही, तं तो काय चालन?"

आणि त्याने खोके आणून माझ्या हातात ठेवले. अर्थात पुस्तिकेसह!

हा कॅमेरा म्हणजे पाच मीटर लांबीची, करंगळीपेक्षा बारीक अशी काळी नळी. तिच्या टोकाला एक चिमुकले भिंग आणि भोवती सहा दिव्यांचे कडे. दुसऱ्या टोकाला काड्याच्या पेटीहून थोडी मोठी डबी. डबीत बॅटरी असते, आणि टोकाच्या डोळ्याला जे दिसते ते ही डबी बिनतारी लहरींनी आपल्या मोबाईलवर पाठवते. माणसाच्या पोटात दुर्बीण घालून डॉक्टर पाहतात, त्याच घराण्यातली ही वस्तू.

या घराण्याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १८०६ साली फिलिप बोझ्झिनी नावाच्या जर्मन डॉक्टरने शरीराच्या आत पाहण्याचे पहिले उपकरण केले, तेव्हा त्यात उजेडासाठी चक्क मेणबत्ती होती. नळी वाकली की उजेड अडतो, ही अडचण पुढे शंभर-दीडशे वर्षे राहिली. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकड्या वाटेने नेता येते, हे १९५४ मध्ये ज्या दोघांनी दाखवून दिले, त्यांतले एक होते पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. दुसरे त्यांचे गुरू, हॉपकिन्स. तीनच वर्षांनी काचतंतूंची दुर्बीण माणसाच्या पोटात उतरली. आता तर काचतंतूंचीही गरज उरली नाही. मोबाईलमध्ये असतो तसलाच कॅमेरा, तांदळाच्या दाण्याशी स्पर्धा करील इतका लहान होऊन, नळीच्या टोकाशी जाऊन बसला आहे.

इतके सगळे खरे. पण तो जुळेना! डबीचे बटण दाबले, निळा दिवा लुकलुकला. जिप्सीवाल्याने आपल्या मोबाईलमध्ये अ‍ॅप उघडले. अ‍ॅप म्हणाले, कॅमेरा सापडत नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. "पाहा, रेंज नाही म्हणून," असे तिथे जमलेल्या सर्वांचे मत पडले. मेव्हण्यांचा बारावीतला मुलगा मोबाईल घेऊन गच्चीवर जाऊन आला. मोहर्लीत रेंज ही पावसाळी उन्हासारखी. आली तर आली.

मी पुस्तिका घेऊन दिव्याखाली बसलो. सोळा पानांत एक वाक्य असे होते, की ज्याला कर्ता होता, कर्म होते, परंतु क्रियापद नव्हते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका वीस वर्षे तपासल्यामुळे हरवलेली क्रियापदे शोधण्याची मला सवय आहे. त्या वाक्याचा अर्थ लागला तो असा : 'इंटरनेट नाही असे मोबाईल म्हणेल, तरी जोडणी सोडू नये.'

सगळी मेख इथेच होती. लोकांची समजूत अशी, की बिनतारी म्हणजे इंटरनेट, आणि इंटरनेट म्हणजे रेंज. पण या कॅमेऱ्याला गावातल्या मनोऱ्याशी काही देणेघेणे नसते. ती डबी स्वतःच एक इवलासा मनोरा असते. ती आपले वाय-फाय आपणच उभे करते, दहा-पंधरा पावलांपुरते. मोबाईलने फक्त त्या डबीशी बोलायचे. दिल्ली-मुंबईशी नाही, मोहर्लीशीसुद्धा नाही. हातभर अंतरावरच्या डबीशी.

आणि नेमके हेच मोबाईलला जमत नाही. त्याचा स्वभाव मोठा विचित्र. तो डबीशी जुळतो. मग 'हिच्याकडे इंटरनेट नाही' हे त्याच्या ध्यानात येते. आणि आपल्याला न विचारता तो हळूच तिचा हात सोडून मोबाईल डेटाकडे परततो. लग्नघरात यजमान समोर उभे असताना एखादा पाहुणा जसा त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या बड्या मंडळींकडे पाहत असतो, तसा. रेंजची एक काडी दिसली तरी त्याचे लक्ष तिकडे!

मग आम्ही क्रमाने कामाला लागलो. तो क्रम इथे सविस्तर देतो, कारण असा कॅमेरा आता पुष्कळ घरांत येऊ लागला आहे, आणि 'जुळत नाही' म्हणून माळ्यावरही जाऊ लागला आहे. डबी आधी पूर्ण चार्ज करून घ्यावी. अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर जोडणी मध्येच तुटते आणि दोष भलत्यालाच लागतो. पुस्तिकेत सांगितलेलेच अ‍ॅप घ्यावे, आणि ते घरी, इंटरनेट असेल तिथे, आधीच उतरवून ठेवावे. चालण्यासाठी इंटरनेट लागत नाही, पण अ‍ॅप मिळवण्यापुरते लागते. नंतर मोबाईल डेटा बंद करावा. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वाय-फायची यादी उघडावी. तिथे शेजारपाजारच्या नावांबरोबर अक्षरे आणि आकडे यांचे एक विचित्र नाव दिसते, ते कॅमेऱ्याचे. त्याला बोट लावावे. पासवर्ड मागितला तर तो पुस्तिकेत किंवा डबीच्या पाठीवर असतो. 'इंटरनेट नाही, तरी राहायचे का?' असे मोबाईल विचारील. 'हो, राहायचे' असे ठामपणे सांगावे. त्यानंतरच अ‍ॅप उघडावे, आधी नाही. अ‍ॅप काही परवानग्या मागते; आसपासची यंत्रे शोधण्याची परवानगी नाकारली, तर समोरचा कॅमेराही त्याला दिसत नाही. काही मोबाईलांत त्यासाठी लोकेशन चालू ठेवावे लागते.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला. घटकाभर डोके खाजवल्यावर उलगडा झाला. आमच्या डबीला एका वेळी एकच धनी चालत होता, आणि बारावीतल्या चिरंजीवांनी मागच्या खोलीतून आधीच तिच्याशी सूत जुळवले होते! त्याला बाहेर बोलावले, त्याचा मोबाईल बंद केला, डबी एकदा बंद करून पुन्हा चालू केली. आणि माझ्या मोबाईलच्या पडद्यावर एकदम एक खडबडीत, तपकिरी डोंगर उभा राहिला. तो मिस्त्रींचा अंगठा होता. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. जंगलात वाघ दिसल्यावर पाहुणेही इतके हरखत नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी खटला उभा राहिला. नळीवर दर फुटाला चिकटपट्टीची खूण केली, म्हणजे टोक किती आत गेले ते कळावे. टोक पाण्यात चालते, डबी नाही. म्हणून डबी मामाजींच्या हातात दिली. प्रथम शोषखड्ड्याच्या बाजूने नळी आत सारली. आतले दृश्य एखाद्या लेण्यात शिरल्यासारखे होते. उजेड फार केला तर ओल्या भिंतींवरून डोळ्यांत येई, म्हणून दिवे मंद केले. हा डोळा अगदी नाकाशी नेलेले पाहू शकत नाही. वस्तूपासून दोन-तीन बोटे मागे राहावे लागते. हळूहळू, एक फूट, दोन फूट. बाराव्या फुटावर, बरोबर जांभळाखाली, मुळ्या दिसल्या!

मिस्त्रींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. सौ.ने मान फिरवली. पण नळी पुढे सरकली, आणि मिस्त्रीच म्हणाले, "थांबा जी."

दोन नळांच्या सांध्यातून केसांच्या बटेएवढ्या बारीक मुळ्या आत उतरल्या होत्या. त्यांच्या खालून वाट मोकळी होती. कोरडी ठणठणीत. पाणी इथवर येऊन तुंबले असते, तर तिथे पाणी दिसले असते. म्हणजे अडथळा आणखी मागे, घराच्या बाजूला होता.

मग मोरीच्या तोंडातून नळी घातली. सहाव्या फुटावर, वळणाशी, एक पांढरट पिवळा बोळा दिसला. साबणाच्या वडीसारखा घट्ट. त्यात चहाचा चोथा होता, भांडी पुसायच्या फडक्याची चिंधी होती, आणि बाकी सर्व थिजलेले तेल. पाहुण्यांसाठी भजी, पुऱ्या, तर्रीची भाजी करायची आणि उरलेले तेल मोरीत ओतायचे, असा क्रम वर्षभर चालला होता. आरोपी अंगणात उभा होता आणि गुन्हेगार स्वयंपाकघरात! मेव्हण्यांच्या सौभाग्यवती लगबगीने चहा ठेवायला आत गेल्या. मिस्त्रींनी वळणापाशी दोन फरशा उचलल्या, बोळा काढला, आणि तासाभरात मोरी घळघळ वाहू लागली.

मिस्त्रींना मी दोष देत नाही. आत दिसत नव्हते, आणि बाहेर झाड दिसत होते. आपण सगळे असेच निकाल देतो. मुलगा नापास झाला की मोबाईलवर, घरात भांडण झाले की सुनेवर, नदीला पूर आला की पावसावर. जे डोळ्यांसमोर ठळकपणे उभे असते, त्याच्यावर आळ घेणे सोपे. झाडांची मुळे धडधाकट नळ फोडत नाहीत, हेही मला त्या दिवशी मिस्त्रींनीच समजावले. सांधा आधी सैल होतो, ओल बाहेर पाझरते, आणि त्या ओलीच्या वाटेने तहानलेले मूळ आत येते. पुढे ते जाड झाले म्हणजे नळ तुंबतो, फुटतो, हे खरे. पण पहिली चूक सांध्याची असते. तो सांधा त्यांनी नंतर उकरून बदलला, झाडाला धक्का न लावता.

पण मला त्या सकाळची आठवण राहिली आहे ती वेगळ्याच कारणाने. सगळे पांगल्यावर मामाजी म्हणाले, "जावईबापू, ते मघाचे पुन्हा दाखवता का?"

मला वाटले, बोळा. ते म्हणाले, "नाही. मुळ्या."

मी परसात जाऊन पुन्हा नळी घातली. बाराव्या फुटाशी थांबलो. मामाजींनी चष्मा पुसला आणि मोबाईल दोन्ही हातांत धरला. दिव्यांच्या उजेडात त्या बारीक मुळ्या दुधासारख्या पांढऱ्या दिसत होत्या, आणि एकीच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबत होता. ते कितीतरी वेळ पाहत राहिले. अठरा वर्षे त्यांनी झाडाचा वरचा अर्धा भाग पाहिला होता. खालचा आज पहिल्यांदा दिसत होता. "इथवर आली," एवढेच ते म्हणाले. झाडाविषयी म्हणाले की आणखी कोणाविषयी, हे मी विचारले नाही.

मग बोलता बोलता त्यांनी २०२३ च्या दिवाळीची आठवण काढली. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या पहाटे, उत्तराखंडात उत्तरकाशीजवळ सिल्क्याराचा बोगदा खचला आणि ४१ कामगार आत अडकले. नवव्या दिवशी ढिगाऱ्यातून सहा इंच रुंदीचा नळ पार गेला, त्यातून असाच कॅमेरा आत सरकवला, आणि २१ नोव्हेंबरला सगळ्या देशाने त्यांचे चेहरे पाहिले. "माझे किती विद्यार्थी इथल्या खाणींत आहेत," मामाजी म्हणाले. "त्या दिवशी टीव्हीवर ती पिवळी टोपीवाली पोरे दिसली, तेव्हा ही शाळेतली हजेरी घ्यावी तसे मी मोजत होतो." २८ नोव्हेंबरला एकूणएक ४१ जण बाहेर आले. ते काढणे पुष्कळ हातांचे काम होते. पण ते जिवंत आहेत, उभे आहेत, हे घरच्यांना डोळ्यांनी दिसले ते त्या नळीच्या टोकाच्या डोळ्यामुळे.

ताडोबाच्या गाभ्यात सफारीला जाताना मोबाईल नेता येत नाही. पाहुणे त्यावर कुरकुरतात. परंतु परत आल्यावर मात्र, कित्येक दिवसांत असे डोळे भरून काही पाहिले नव्हते, असेही तेच सांगतात. मला त्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतले ते बिनक्रियापदाचे वाक्य आठवते. मोबाईलने दूरच्या साऱ्या जगाचा नाद क्षणभर सोडला, तेव्हाच त्याला पायाखालच्या अंगणातले दिसले. आम्ही तरी दुसरे काय करीत होतो? नागपूरहून आठवड्यातून एकदा फोन करीत होतो, आणि मामाजी 'बरे आहे' म्हणत होते. त्यांच्या मनात ते झाड किती खोल गेले आहे, हे पाहायला शेजारी येऊन बसावे लागले.

यंदा जूनमध्ये कोणाबरोबर तरी मामाजींनी जांभळांची एक टोपली पाठवली. वर पळसाची पाने झाकलेली, आत टपोरी, काळीभोर फळे. सौ.ने पहिले जांभूळ तोंडात टाकले, आणि बराच वेळ बी हातात धरून ती खिडकीशी उभी राहिली. मग कपाटातून एक खोके काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "नवीन कुकर घेतला आहे. त्यात पुस्तिका आहे. तेवढी वाचून ठेवा."